ठेवण

विजयमालाने हातातल्या बांगड्या काढून बेसिनच्या कडेला ठेवल्या, मग कानातलं काढलं, आणि श्वास आत धरून ती पुन्हा वजनकाट्यावर उभी राहिली. आकडे जरा वेळ खालीवर झाले, थबकले आणि तिथेच येऊन बसले. ब्याण्णव. ती उतरली. दाराजवळची फरशी अधिक सपाट आहे असं तिला कालपासून वाटत होतं, म्हणून तिने काटा उचलून तिकडे नेला. तिथेही ब्याण्णवच.

“त्याला जरा बसू दे आता,” बाहेरून संपतचा आवाज आला. “दमला असेल.”

संपत तिचा नवरा. नारायण पेठेत त्यांचं लग्नपत्रिकांचं दुकान होतं आणि त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर घर. संपतला थट्टेशिवाय काळजी करता येत नसे, हे इतक्या वर्षांत तिला ठाऊक झालं होतं. पण त्या सकाळी तिला हसू आलं नाही. तिने बांगड्या एकेक करून परत चढवल्या. पूर्वी साबण लावून चढवाव्या लागत त्याच बांगड्या आता कोपरापर्यंत घरंगळत होत्या. काट्याला त्याचं काहीच नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात तिचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती सव्वाशेच्या पुढे होती. जठराचा मोठा भाग काढून टाकला, उरली ती केळ्याएवढी पिशवी. त्यानंतरचे महिने असे गेले, की जणू रोज कुणीतरी हलक्या पावलांनी येऊन तिच्या अंगावरचं थोडंसं उचलून नेत होतं. गुडघे दुखायचे थांबले. साखरेची गोळी बंद झाली. जिना चढताना मध्येच टेकायची तिची एक जागा होती, तिच्याकडे बघायचंही ती विसरली. मग दिवाळी झाली, आणि ते येणारं माणूस यायचं बंद झालं. आता चैत्र लागला होता.

दिवस तिला अलीकडे पातळ वाटायचे, पाणी घातलेल्या दुधासारखे. आवाज जरा उशिरा पोचत. दुपारी दुकानातून वर येऊन ती आडवी झाली की जाग आणि झोप यांच्यामध्ये एक लांबलचक खोली लागे. त्या खोलीत पंगत बसलेली असायची. वाढणारे तिच्या पानावरून पुढे जात, परत येत, पुन्हा पुढे जात, आणि तिला भूक नसूनही वाईट वाटे. उठल्यावर ती हाताने स्वतःचा दंड चाचपून बघायची. कुणाचा दंड आहे ते चटकन कळत नसे. दारातून जाताना ती अजूनही आडवी होऊन जायची. रिक्षात बसताना अजूनही कडेला सरकून दुसऱ्यासाठी जागा करायची, बरोबर कुणी नसलं तरी.

सारसबागेत सकाळी तिला सितारा भेटे. दोघींची ऑपरेशनं एकाच आठवड्यात झाली होती, एकाच वॉर्डात, शेजारच्या खाटांवर. सितारा घोरपडे पेठेतली. तिचा नवरा मुनव्वर सोफे बनवायचा. दवाखान्यात पहिल्या दिवशी दोघींना चमच्याने पाणी पाजलं होतं आणि त्या चमच्यावरून त्या इतक्या हसल्या होत्या की टाके दुखले. तेव्हापासून त्या एकत्र चालत. पण सिताराचं वजन अजून उतरत होतं. प्रत्येक सोमवारी ती आणखी थोडी अरुंद होऊन यायची. तिचा कुडता खांद्यावरून घसरायचा, ती तो वर ओढायची, आणि विजयमाला त्या ओढण्याकडे बघायची नाही असं ठरवून बघायची.

तिने मग कुणाला न सांगता संध्याकाळची डाळ सोडली. काही दिवसांनी सकाळचं प्रोटीनची पावडर घातलेलं दूधही बेसिनमध्ये ओतायला लागली. संपत खाली दुकान उघडायला गेला की ओतायची आणि पेला विसळून पालथा घालायची. केस कंगव्यात मुठीने यायला लागले. काटा ब्याण्णवच दाखवत राहिला.

एकदा चालता चालता सितारा म्हणाली, “ताई, मला आरशाची भीती वाटते. रोज कोणीतरी दुसरीच उभी असते तिथं. मुनव्वर म्हणतो, छान दिसतेस. मी म्हणते, कोण?”

विजयमालाला यावर काहीतरी बोलायचं होतं. पण झाडांच्या फांद्या सावकाश वर जाऊ लागल्या, चालणाऱ्यांची पावलं पाण्याखालून आल्यासारखी ऐकू येऊ लागली, आणि हे सगळं फार लांबचं आणि चांगलं आहे असं वाटत असतानाच ती खाली बसली. बसली असं तिला वाटलं. डोळे उघडले तेव्हा तिचं डोकं सिताराच्या मांडीवर होतं आणि एक म्हातारे गृहस्थ टोपीने वारा घालत होते.

सिताराने तिला रिक्षाने घरी आणलं. संपतला दाराशी बोलावून तिने हळू आवाजात सांगितलं, की या खात नाहीयेत, मला वाटतं बरेच दिवस. संपत त्या दिवशी दुकानात गेला नाही. स्वयंपाकघरात जाऊन त्याने पालथा घातलेला पेला उचलला, हातात फिरवला आणि परत ठेवला.

ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे दोघं गेले. डॉक्टर पेठेतल्या डॉक्टरांसारखेच होते, कमी बोलणारे आणि तेही तिरकं. त्यांनी तपासण्या बघितल्या, तिच्या डोळ्यांखालची कातडी ओढून बघितली. म्हणाले, असं सगळ्यांचं थांबतं. शरीराने इतकं गमावल्यावर ते थबकून अंदाज घेतं. त्यात उपाशी ठेवलंत तर उरलंय ते आणखी घट्ट धरून बसेल. आणि समजा इथेच राहिलं, तरी साखर गेली, रक्तदाब गेला, माणूस चालायला लागलं. आणखी काय हवं असतं?

“पण किती दिवस थांबेल?” विजयमालाने विचारलं.

“ते मला सांगून थांबलेलं नाही,” डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर ती रोज पेलाभर दूध संपतच्या समोर पिऊ लागली. पण मनातून तिने दुसरीच वाट धरली होती. सातारा रस्त्यावर एक डॉक्टर दुसऱ्यांदा ऑपरेशन करतात, पहिल्याने न उतरलेलं त्याने उतरतं, असं तिला कळलं होतं. तिने फोन केला. गुरुवारी दुपारी या, असं तिथल्या मुलीने गोड आवाजात सांगितलं. संपतला तिने बुधवारी जेवताना सांगितलं. त्याने घास खाली ठेवला.

“मी येणार नाही,” तो म्हणाला. “मागच्या वेळी आलो, कारण तुला जिना चढता येत नव्हता. आता काय येत नाही?”

“मला पोचल्यासारखं वाटत नाही.”

“कुठे?”

तिने ताटातल्या डाळीत चमचा फिरवला. तिला म्हणायचं होतं, की आपल्यावरचं एवढं सगळं निघालं आणि आत जी बाई निघाली तिला मी ओळखत नाही. अजून निघालं तर कदाचित ओळखीची कुणी निघेल. पण हे असलं वाक्य जेवताना नवऱ्याशी बोलायचं नसतं. उठून संपतने तिचं ताट उचललं, जे तो कधी उचलत नसे.

गुरुवारी ती एकटीच निघाली. हवेत उन्हाची पांढरी धूळ होती आणि रस्ते सुट्टीच्या दिवसासारखे मोकळे वाटत होते. स्वारगेटला उतरून सातारा रस्त्याची बस धरायची होती. ती बस लागलेली होती आणि भरलेली होती. तिच्या पलीकडे खडकवासल्याची बस उभी होती. तिच्यात चार-पाच माणसं आणि खिडक्यांमधून आलेलं ऊन. विजयमाला जरा वेळ दोन्ही बसकडे बघत राहिली. दवाखान्याला अजून अवकाश होता. त्याच रस्त्यावर माहेर होतं; काकीला सांगून यावं, असं तिच्या मनात आलं. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी सांगितलं नव्हतं, आणि मागाहून कळल्यावर काकी तिच्या मुलाजवळ, भैरूपाशी, म्हणाली होती, पोटावर सुरी फिरवून घेतली आणि घरच्यांना पत्ता नाही. ती खडकवासल्याच्या बसमध्ये चढली आणि खिडकीशी बसली.

तिचं माहेर किरकटवाडीचं. आईवडील दोघंही नव्हते. वडील तिच्या लग्नानंतर गेले, आणि आई, मथुराबाई, ती चार वर्षांची असताना काविळीने गेली होती. वर्षाच्या आत वडिलांनी दुसरं लग्न केलं. नवी आई वाईट नव्हती, पण घरात मग मथुराबाईचं नाव कुणी काढलं नाही, आणि विजयमालाने विचारलंही नाही. आठवण म्हणून एक फोटो होता. कुठल्यातरी लग्नातल्या घोळक्यातून कातरून मोठा केलेला, नुसता चेहरा, तोही हललेला. आता माहेर म्हणजे चुलत भाऊ भैरू आणि त्याची आई सोजरबाई, विजयमालाची काकी.

बस सिंहगड रस्त्याला लागली तशी तिला डुलकी आली. झोपेत इमारती मागे जात राहिल्या आणि त्यांच्यामधून मध्येच एखादं जुनं आंब्याचं झाड जाई. कंडक्टरने फाट्याचं नाव पुकारलं तेव्हा ती कुणी हाक मारल्यासारखी दचकून उठली आणि उतरली.

फाट्यावरून घरी जायला डांबरी रस्ता होता. पण त्यावर दुकानं होती, ओळखीची माणसं होती, आणि भैरवनाथाची यात्रा नुकतीच झालेली असल्यामुळे यात्रेला का आली नाहीस, असं सगळ्यांनी विचारलं असतं. मग नजर वरून खाली गेली असती. किती उतरलं गं? ती कॅनॉलच्या वाटेने वळली.

कॅनॉलला उन्हाळ्याचं पाणी सोडलेलं होतं. काठोकाठ, हिरवट, आवाज न करता चाललेलं. इतकं हळू की आधी ते थांबलंय असंच वाटे, आणि मग एखादं पान संथपणे शेजारून पुढे निघून जाई. पलीकडे पूर्वी शेतं होती तिथे आता बाल्कन्या होत्या आणि बाल्कन्यांत कपडे वाळत होते. विजयमाला पाण्याच्या बाजूने चालत राहिली. पर्स तिने कडेवर घेतल्यासारखी धरली होती. ऊन पाठीवर होतं, आणि तिची सावली पुढे पडून तिच्या आधी वळणं घेत होती. कितीतरी महिन्यांनी ती कशाचाही हिशेब न करता चालत होती. पावलं आपली आपण पडत होती. चालताना अंग दोन्ही बाजूंना किंचित झुलत होतं, तिकडे तिचं लक्षही नव्हतं.

भैरूने जमीन विकून चार मजली इमारत बांधली होती. वरच्या मजल्यांवर आयटीतली मुलं भाड्याने राहायची. सोजरबाईला मात्र वर करमत नसे. दिवसभर ती खाली पार्किंगमध्ये, दोन मोटारसायकलींच्या मध्ये, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून असायची. काचबिंदूने तिची नजर जवळजवळ गेली होती. उजेड आणि त्यातला आकार तेवढा कळायचा. डोकं मात्र जागेवर होतं. मागच्या महिन्याच्या वीजबिलाचा आकडा भैरू तिला विचारायचा.

विजयमाला कॅनॉलच्या उतारावरून खाली आली आणि इमारतीच्या तोंडाशी वळली. सोजरबाईने मान वर केली. तिच्याकडे बघत राहिली. मग खुर्चीच्या दांड्यांना रेटा देऊन, घाईने, ती उभी राहिली. दोन पावलं पुढे आली आणि तिने दोन्ही हात वर केले, विजयमालाच्या डोक्याच्याही वर, तळवे आत वळवून.

“थांब, थांब,” ती म्हणाली. “धरते.”

हात हवेत काहीतरी शोधत राहिले. पाटीची कड, गवताचा भारा, जे काही डोक्यावर असायला हवं होतं ते. विजयमाला जागच्या जागी थांबली. म्हातारीच्या बोटांना तिच्या केसांचा भांग लागला आणि बोटं थबकली. मग ती हळूहळू खाली आली, कपाळावरून, गालांवरून.

“काकी, मी विजया.”

“व्हय,” सोजरबाई म्हणाली. हात तिने मागे घेतले, पदराला पुसल्यासारखे केले, आणि खुर्ची चाचपत खाली बसली. वरच्या मजल्यावर कुणीतरी फोनवर इंग्रजीत बोलत येरझाऱ्या घालत होतं.

“काय झालं, काकी?”

“काई न्हाई. मथुरा आली वाटलं.”

तिने हे असं सांगितलं, जसं भाजीवाला आला वाटलं म्हणून सांगावं. विजयमालाने जवळची रिकामी बादली पालथी घातली आणि तिच्यावर ती बसली. म्हातारीच्या गुडघ्याला तिचा गुडघा लागत होता.

मग सोजरबाई बोलायला लागली. इतक्या वर्षांत ती मथुराबाईबद्दल अक्षर बोलली नव्हती, आणि आता सांगताना तिला कुठून सुरुवात करायची हा प्रश्नच पडला नाही. दोघी जावा. दिवसभर मळ्यात, आणि दिवस कलला की मथुरा गवताचा भारा घेऊन कॅनॉलच्या उतारावरून यायची. तिचा भारा दुसऱ्या कुणाला एकट्याने उचलायचाच नाही. तेव्हा इथे गोठा होता, आणि सोजरबाई गोठ्याच्या तोंडाशी उभी राहून भारा उतरवून घ्यायची. रोज. भांडण झालेलं असलं तरी. आणि भांडणं पुष्कळ व्हायची, चुलीवरून, पाण्यावरून. पण उतरवून घ्यायचं म्हणजे घ्यायचंच.

विजयमाला खाली बघत होती.

“ती जाड होती?”

“जाड?” सोजरबाईने तो शब्द तोंडात घोळवला. “भरलेली हुती. ही अशी रुंद खांद्याची. कमरंला जड. उतारावरनं यायची तर आख्खी वाट आपली असल्यागत यायची.” मग जरा थांबून ती म्हणाली, “तू मोठी हुईत गेलीस तशी मी तुझ्यात तिला बघायची. न्हाई दिसली कवा. मला वाटायचं, पोरीनं आईचं काईच घेतलं न्हाई.”

विजयमालाने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग दंडांकडे, मांडीकडे, साडीखाली बादलीभर पसरलेल्या अंगाकडे. आईची उंची किती होती, हेही तिला माहीत नव्हतं. आतापर्यंत आई म्हणजे हललेला चेहरा होता. त्याच्या खाली काही असेल, आणि ते चालत असेल, असं तिच्या कधी मनातच आलं नव्हतं.

पर्समध्ये फोन वाजला. संपत होता. त्याने विचारलं, डॉक्टरांनी काय सांगितलं. ती म्हणाली, दवाखान्यात गेलेच नाही, किरकटवाडीला आहे, काकीजवळ. पलीकडे दुकानात कुणीतरी पत्रिकेच्या कागदाचा भाव विचारत होतं, ते ऐकू आलं.

“बरं,” संपत शेवटी म्हणाला. “मी येतो न्यायला. घाई नाही ना?”

“नाही,” ती म्हणाली. “सावकाश या.”

भैरूची बायको ताक घेऊन खाली आली. विजयमालाने ते घोट घोट करत पुष्कळ वेळ प्यायलं. सोजरबाई मधूनमधून काहीतरी आठवून सांगत होती. मथुरा हसली की तिचे खांदे हलायचे. झोपायची ती कुशीवर, हात उशाला घेऊन. गाणं तिला येत नव्हतं तरी म्हणायची. विजयमाला ऐकत होती. पार्किंगमधलं ऊन हळूहळू मोटारसायकलींच्या चाकांपर्यंत सरकलं. काकीला जे सांगायला ती आली होती, ते तिने सांगितलं नाही.

जरा वेळाने सोजरबाईचं बोलणं थांबलं. कॅनॉलच्या बाजूला, जिथे फक्त उजेड होता, तिथे ती तोंड करून बसून राहिली.

“विजे,” ती म्हणाली. “येकडाव परत ये बरं तिकडनं.”

विजयमाला उठली. पर्स तिने बादलीवर ठेवली आणि उतार चढून ती कॅनॉलपर्यंत गेली. पाणी तसंच चाललेलं होतं. तिथून वळताना पहिल्यांदा तिला हातांचं काय करावं ते कळेना, पाऊल आखडलं, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. मग उतारानेच तिला पुढे घेतलं. खांदे सैल झाले. अंग आपल्या लयीत झुलू लागलं, डावीकडे, उजवीकडे, आणि तिने ते झुलू दिलं.

सोजरबाई खुर्ची सोडून केव्हाच उभी राहिली होती. या खेपेला तिला पुरतं ठाऊक होतं कोण येतंय ते. तरी विजयमाला समोर येताच तिने दोन्ही हात वर केले. वयाने ते आता तितके वर जात नव्हते.

विजयमाला थांबली, आणि हात पोचावेत म्हणून गुडघ्यांत किंचित वाकली.